मरोद्याच्या तळ्याकाठी

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया सोडून पुढे निघाली की आमगाव, सालेकसा, दरेकसा अशी महाराष्ट्राची शेवटची स्टेशने येतात. दरेकसाच्या बोगद्यातून गाडी बाहेर पडते आणि जंगल संपता संपता डोंगरगडच्या बमलेश्वरीची टेकडी दिसू लागते. डब्यातली म्हातारी माणसे बसल्या जागेवरून हात जोडतात. मग राजनांदगाव, आणि नागपूरपासून चारेक तासांत दुर्ग. मोठे लोक इथून पुढे भिलाई नगर किंवा पॉवर हाऊस स्टेशनापर्यंत जातात. मी मात्र दुर्गला उतरून दल्ली-राजहऱ्याकडे जाणाऱ्या फाट्याची गाडी धरली, कारण त्या फाट्यावरचे पहिलेच स्टेशन मरोदा आणि मला तिथेच जायचे होते.

स्टेशन लहानसे. पण उभे राहून पाहावे असे एक दृश्य इथे आहे. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून निघालेल्या मालगाड्या याच मार्गाने भिलाईच्या पोलाद कारखान्याकडे येतात. वाघिणींत भरलेले लोहखनिज तांबडे, हळदीकुंकवातल्या कुंकवासारखे. रुळांच्या कडेची खडी, झुडपे, खांबांचे बुंधे सगळ्यांवर तोच रंग चढलेला असतो. भारतीय रेल्वेचे बहुतेक रूळ भिलाईत घडतात, तेव्हा ज्या रुळांवरून हे खनिज येते तेही कधीकाळी असल्याच वाघिणीतून माती होऊन आले असणार.

मरोदा हे मूळचे एक गाव. आज ते नाव चार गोष्टींना आहे. एक स्टेशन, एक जुनी वस्ती, भिलाई टाऊनशिपमधला एक सेक्टर आणि एक तळे. तळे म्हणजे कारखान्याचा जलाशय. बालोदजवळ ब्रिटिश अमदानीत तांदुला नदीवर धरण बांधले गेले, तिथले पाणी कालव्याने इतक्या दूर येते आणि मरोद्याला साठते. पोलाद करायला आग लागते हे सगळ्यांना ठाऊक असते, पाणी किती लागते ते हे तळे पाहिल्यावर कळते. हिवाळ्यात पाखरे उतरतात, संध्याकाळी सेक्टरातली माणसे काठाने फिरायला येतात आणि समोर, आभाळाच्या कडेला, कारखान्याच्या चिमण्या.

नागपूरची माझी एक मैत्रीण लग्न होऊन इथे आली त्याला सोळा वर्षे झाली. सासरे भंडाऱ्याकडचे, फिटर म्हणून साठच्या सुमारास आले. नवरा कारखान्यातच. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. मैत्रिणीच्या पत्रांतून आणि हल्ली फोनवरून मी बरीच वर्षे एकच गोष्ट ऐकत आले होते, की पोरगी प्रश्न विचारते आणि तिला खरे काय सांगावे ते कळत नाही. तेरा वर्षांच्या मुलीचे प्रश्न म्हटल्यावर आपल्याला वाटते ते वेगळे. ते तर आईने केव्हाच सांगून टाकले होते. अडले होते ते दुसरेच. आपण कोण, इथे कसे आलो, हे घर कोणाचे, बाबांचे काम कसले, आणि मी मोठी झाल्यावर इथे राहू शकेन का. चार दिवस त्यांच्याकडे राहून मला असे वाटले की हे प्रश्न पडायला मरोद्यासारखी जागा नाही आणि त्यांची उत्तरे सगळी इथे, चालत जाता येईल एवढ्या अंतरात आहेत.

पहिली गोष्ट आपण मराठी लोक विसरूनच गेलो आहोत. भिलाईच्या कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार झाला 2 फेब्रुवारी 1955 रोजी. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी होती नागपूर. विदर्भ आणि छत्तीसगड एकाच राज्यात नांदत होते. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग मध्य प्रदेशात राहिला आणि 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगडमध्ये आला. म्हणजे भंडारा, गोंदिया, नागपूरची जी पोरे पोटासाठी भिलाईला आली, ती परमुलखात आली असे त्यांना वाटले नसेल. मुलूख मागाहून परका झाला. त्याआधी शंभर वर्षे तर इथे नागपूरकर भोसल्यांचाच अंमल होता. रतनपूरला बिंबाजी भोसल्यांचे राज्य होते. दुर्ग-रायपूरकडची जुनी मराठी घराणी त्या काळापासूनची. मैत्रिणीच्या मुलीला शाळेत कोणी विचारले की ती ‘हम महाराष्ट्र से हैं’ म्हणते. तिच्या आजोबांना हे पटत नाही. ते म्हणतात, ‘आपण महाराष्ट्रातून नाही आलो. आपण आलो तवा महाराष्ट्र व्हायचा होता.’ हिशेब केला तर म्हातारा बरोबर आहे किंवा फार तर एखाद्या वर्षाने चुकतो.

आता घराची गोष्ट. सेक्टरातले रस्ते सरळ, दोन्ही बाजूंना झाडे, क्वार्टरला पुढे-मागे अंगण. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरातून गेलेल्या माणसाला हेवा वाटावा अशी मोकळी जागा. मैत्रिणीच्या अंगणात तुळस, कढीपत्ता, पपई आणि भिंतीला टेकवलेली मुलीची सायकल. पण क्वार्टर कारखान्याचे. नोकरी संपली की किल्ली परत करायची. मधल्या काळात काही घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिली गेली, तरी बहुतेकांच्या डोक्यावर नियम तोच. आजोबांचे पहिले क्वार्टर दुसऱ्या सेक्टरात होते. निवृत्त झाल्यावर ते सोडावे लागले. अंगणात त्यांनी लावलेला आंबा अजून आहे, दरवर्षी लागतो आणि तिथे राहणारे लोक, कोणी तेलुगू कुटुंब आहे म्हणे, मोसमात पिशवीभर आंबे आठवणीने पाठवतात. आजोबा ते खातात, चांगले लागतात म्हणतात आणि कोय फेकून न देता धुऊन ठेवतात. ती कुठे लावायची हा प्रश्नच असतो.

मुलीला हे सगळे माहीत होते, पण स्वतःच्या घराशी तिने ते जोडले नव्हते. तिला आपल्या खोलीच्या भिंतीवर मोठे चित्र रंगवायचे होते. आई ‘नंतर बघू’ म्हणत टाळत होती. मी होते त्या दिवसांत मैत्रिणीने तिला बसवून सांगितले, की हे घर आपले नाही, बाबा साठचे होतील तेव्हा सोडावे लागेल, तू तेव्हा तिशीच्या आसपास असशील. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे सतरा वर्षं आहेत. तेवढ्यात चित्र जुनं होईल.’ दुसऱ्या दिवशी रंग आणले. पोरांना खरे सांगितले तर ती कोसळतील अशी आपली समजूत असते, त्यांचा हिशेब आपल्यापेक्षा पक्का असतो.

मरोद्यात पाहुणा आला की त्याला मैत्रीबागेत नेतात. 1972 साली भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून कारखान्याने ती उभी केली. तळे, नावा, झाडी, छोटी आगगाडी आणि मोठे प्राणिसंग्रहालय. रविवारी इथे अख्खा जिल्हा लोटतो. डबे सोडून जेवायला बसलेली कुटुंबे, शेंगदाण्याच्या पुड्या, हरवलेल्या मुलांच्या नावाचा पुकारा. बागेची ख्याती पांढऱ्या वाघांसाठी आणि तिथे कठड्याशी उभे राहून आईबाप पोरांना काय सांगतात ते ऐकण्यासारखे असते. ‘हा बर्फातला वाघ’, ‘हा रशियाहून आणला’, ‘हा म्हातारा झाला म्हणून पांढरा झाला’. बागेचे नाव मैत्री, मित्र रशियन, रशियात बर्फ, बर्फात वाघ पांढरा. तर्क वाईट नाही, पण त्यातले काही खरे नाही.

पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हेच. आपल्या नेहमीच्या पट्टेरी वाघातच कधी तरी एका जनुकातल्या दोषाने पिवळा रंग उतरत नाही. 2013 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी तो दोष नेमका शोधून काढला. मे 1951 मध्ये रीव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनी जंगलात असा एक बछडा धरला. त्याची आई व भावंडे त्या शिकारीत मारली गेली. बछड्याचे नाव मोहन ठेवले आणि त्याला गोविंदगडच्या वाड्यात वाढवले. साध्या वाघिणीपासून त्याला झालेली पिल्ले सगळी पिवळी निघाली. तेव्हा त्यांपैकीच एकीशी, म्हणजे स्वतःच्या मुलीशी, त्याची जोडी लावली आणि 1958 साली पांढरी पिल्ले जन्मली. रंग टिकवायचा तर पुढेही नात्यातल्या नात्यातच जोड्या लावाव्या लागल्या. त्यामुळे कित्येक पांढरे वाघ तिरळे, कोणाचा पाय वाकडा, कोणाचे आयुष्य थोडे. जगातल्या प्राणिसंग्रहालयांत दिसणाऱ्या बहुतेक पांढऱ्या वाघांचे मूळ मोहनपाशी जाते.

मैत्रिणीने हे मुलीला कठड्याशी उभे राहून सांगितले. शेजारच्या एक बाई ऐकत होत्या. मुलीशी जोडी लावल्याचे ऐकल्यावर त्यांनी आपल्या पोराला हाताला धरून मोराच्या पिंजऱ्याकडे नेले. त्यांचेही बरोबरच असेल, तो पोरगा पाचसहा वर्षांचा होता. आमची तेरा वर्षांची मात्र बराच वेळ वाघाकडे पाहत उभी राहिली. ‘म्हणजे लोकांना बघायला आवडतो म्हणून त्याला असा केला,’ ती म्हणाली. आई म्हणाली, ‘हो. आणि आपण पण तिकीट काढून आलो.’ मला वाटते, या वाक्याच्या उत्तरार्धासाठी धैर्य लागते. पूर्वार्ध कोणीही सांगेल.

कारखाना उभा राहत होता तेव्हा आसपासच्या खेड्यांत एक अफवा पसरली होती. भट्टी पेटायची तर तिला बळी लागतो, लहान पोरांना धरून नेतात आणि आत टाकतात. जॉनथन पॅरी या इंग्लिश मानववंशशास्त्रज्ञाने 1993 पासून कित्येक वर्षे भिलाईच्या कामगारांमध्ये आणि खेड्यांमध्ये राहून अभ्यास केला, त्यांनी या अफवेवर लिहिले आहे. आपल्याला ती परकी वाटायचे कारण नाही. पूल बांधताना पोर पुरतात, धरणाला नरबळी लागतो हे आपल्याकडच्या आज्यांनीही सांगितलेले आहे आणि संध्याकाळी पोरे घरात यावीत म्हणून आपण ‘पोरं धरणारे आलेत’ म्हणत आलो आहोत. कारखान्याने जमीन घेतली ती नव्वदांहून अधिक गावांची, पूर्ण किंवा अर्धी. ज्याचे शेत गेले, ज्याने आयुष्यात एवढा धूर पाहिला नव्हता, त्याला भट्टी पोरे खाते असे वाटले तर त्यात हसण्यासारखे काय आहे? कामावर जायला इथले शेतकरी सुरुवातीला फारसे राजी नव्हते. बाहेरून आलेले, त्यांत आपलेही, पुढे झाले. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली.

भट्टी पोरे खात नाही. पण माणसे घेते, हे खरे आहे आणि ते मरोद्याच्या घराघरांत ठाऊक आहे. 12 जून 2014 रोजी पंपहाऊसमधले पाणी गेले आणि झोतभट्टीचा वायू उलटा फिरून बाहेर आला. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. सहा जण गेले, त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. म्हणजे हुद्दा पाहून तो वायू थांबत नाही. 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोकओव्हनच्या गॅसवाहिनीवर देखभालीचे काम चालू असताना भडका उडाला आणि दहाहून अधिक माणसे भाजून मेली. मैत्रिणीचा नवरा त्या दिवशी दुसऱ्या विभागात होता. घरी मात्र तीन तास कोणाला काही कळत नव्हते. मुलगी तेव्हा अगदी लहान. तिला सांगितले गेले की बाबांची ड्यूटी लांबली आहे. शेजारच्या गल्लीत रडारड चालू होती तेव्हा हिला टीव्हीवर कार्टून लावून दिले होते.

असल्या घरांत एक अलिखित नियम असतो, बाबा कामावर जाताना कोणी ‘जपून’ म्हणायचे नाही. म्हटले तर भीती आहे असे कबूल केल्यासारखे होते. मैत्रीण म्हणते, सासूबाईंनी चाळीस वर्षे तो पाळला.

तळ्याच्या काठाने चालताना बाप-लेक पुढे होते, आम्ही मागे. चिमण्यांतला धूर वाऱ्याने शहराच्या बाजूला झुकला होता. मुलगी विचारत होती आणि तो एकेक सांगत होता. कोळशाचा कोक कसा करतात. दल्लीचे खनिज सरत चालले आहे म्हणून आता बस्तरच्या बाजूला, रावघाटच्या दिशेने रेल्वे नेली आहे. तिथेही गावे आहेत, जंगल आहे, तिथल्या लोकांनाही आपल्यासारखीच पोरे आहेत. मग तिने नोकरीचे विचारले. आजोबा होते, तुम्ही आहात, मला मिळेल का? तो म्हणाला, ‘तू इंजिनीयर झालीस, परीक्षा दिलीस तर मिळेलही. पण माझ्यामुळे नाही मिळणार.’ 1980च्या दशकात या कारखान्याच्या पटावर साठ हजारांच्या आसपास माणसे होती. आता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहेत, आणि पोलाद मात्र पूर्वीपेक्षा कमी निघत नाही. यंत्रे आली हे एक कारण. दुसरे कारण सकाळी मरोद्याच्या फाटकाशी सायकलवर दिसते, जेवणाचा डबा हँडलला लटकवून जाणारे ठेकेदाराचे मजूर. काम तेच, बरेचदा जास्त धोक्याचे, पगार कितीतरी कमी, क्वार्टर नाही.

या मजुरांची गोष्ट सांगायला बापाला जरा अवघड गेले आणि ते मला समजले. भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांसाठी लढणारे शंकर गुहा नियोगी यांना 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे इथे, हुडको वसाहतीतल्या घरात झोपेत गोळी घालण्यात आली. पुढच्या वर्षी 1 जुलैला पॉवर हाऊस स्टेशनात रूळ अडवून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, सोळा कामगार मेले. टाऊनशिपमधल्या पुष्कळ घरांनी तेव्हा दारे लावून घेतली होती. सरकारी कारखान्याचा कायम कामगार आणि बाहेरचा कंत्राटी कामगार यांच्यात एक भिंत होती, अजून आहे. तो मुलीला म्हणाला, ‘आपल्याला चांगले मिळाले ते आपण हुशार होतो म्हणून नाही. आजोबा आधी आले म्हणून.’

यावरून तिची आई आणि मी घरी आल्यावर जरा वाद घातला. माझे म्हणणे, आजोबांनी चाळीस वर्षे पाळ्या केल्या, त्याला काही किंमत आहे की नाही? पोरीला सारखे ऋणात कशाला उभे करायचे? मैत्रीण म्हणाली, ‘घरी भांडी घासायला येते तिच्याशी ही छत्तीसगढीत बोलत नाही. येते हिला, चांगली येते. पण बोलत नाही, लाज वाटते. मला त्याची भीती वाटते.’ ज्या भाषेत तीजनबाईंनी पंडवानी गायली तिची लाज. तीजनबाईंचे गनियारी गाव इथून फार दूर नाही, आणि भिलाईच्या कारखान्यात त्यांनी नोकरीही केली. बाईने उभ्याने पंडवानी गायची नाही असा रिवाज होता, त्यांनी गायली आणि त्यासाठी समाजाने वाळीत टाकणेही सोसले. 2019 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. टाऊनशिपच्या शाळांत त्यांचे नाव पाठ करून घेतात, भाषा मात्र अंगणाबाहेर ठेवतात. मराठीचेही काही वेगळे नाही. मुलगी आईशी अर्धे मराठी, अर्धे हिंदी बोलते, ‘मी जाऊन राहिली’ म्हणते, आजोबांशी मात्र निव्वळ भंडाऱ्याची बोली. आजोबा गेल्यावर ती बोली कोणाशी बोलेल ते कोणी विचारत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी नवऱ्याची रात्रपाळी होती. साडेआठला जेवायला बसलो. वरण-भात, वांग्याची भाजी, पोरीने केलेल्या जरा जाड पोळ्या. तो बूट घालायला दाराशी बसला. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, ‘बाबा, रात्री जाताना भीती वाटते का तुम्हाला?’

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. त्याने एक नाडी बांधली, दुसरी बांधली.

‘रोज नाही,’ तो म्हणाला. ‘गॅसलाइनचं काम असलं की वाटते.’

‘आज आहे?’

‘आज नाही.’

‘मग जपून जा,’ ती म्हणाली. आजोबांनी टीव्हीवरून मान वळवून तिच्याकडे पाहिले आणि काहीच म्हटले नाही. फाटक उघडल्याचा आवाज आला, मग मोटारसायकलचा. पलीकडे, स्टेशनाच्या बाजूला, दल्लीची मालगाडी चालली होती. मुलगी आत येऊन उद्याच्या भूगोलाच्या वहीवर कव्हर घालायला बसली आणि मला म्हणाली, ‘मावशी, डिंक दे ना.’